पाचवीच्या आधी

माझं रक्त खराब नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पाड्यावर अजूनही दोन-चार बाया अशा आहेत, ज्या माझ्या हातचा तांब्या घेताना जराशा थबकतात. थबकू देत. तहान लागली की मुकाट पितात.

मी जामसरकडची. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन मोखाड्याच्या बाजूला, पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आले. घरात नवरा, त्याची आई आणि त्याची धाकटी बहीण, एवढीच माणसं. पावसाळ्यात भात आणि नागली करायची, पीक घरात आलं की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं. सगळ्या पाड्याचं जे चालायचं तेच आमचं. फरक एवढाच की माझी सासू सुईण होती. आजूबाजूच्या पाड्यांवरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे चांगल्या दांडग्या बाप्यालाही ती भर बाजारात ‘तुझी नाळ मीच कापलीय, जास्त बोलू नको’ असं सुनवायची. आमच्याकडे सासूला अहोजाहो करत नाहीत. मी तिला आई म्हणते आणि तू म्हणते. भांडतानाही तूच म्हणते, त्यामुळे भांडण कसं सुटसुटीत होतं.

भांडणं आमची पुष्कळ झाली. त्यातलं सगळ्यात मोठं सांगायचं, तर आधी माझ्या मुलाचं सांगावं लागेल.

माझी पहिली मुलगी भट्टीवर झाली. शेजारच्या झोपडीतल्या बाईनं बाळंतपण केलं. पोरगी इतकी खणखणीत रडली की मुकादम काय झालं म्हणून बघायला आला. मला ताप नाही, तिला काही नाही, आठवडा गेला आणि मी पुन्हा विटा थापायला बसले. माझं रक्त तिथं कुणी तपासलं नाही. ते तपासायचं असतं हे मलाच माहीत नव्हतं, मग दुसऱ्याला काय बोलू? त्यानंतर दोन वर्षांनी मुलगा झाला, तो मात्र घरी, सासूच्या हातावर.

घरी मूल झालं की आमच्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. बाळ-बाळंतीण घराच्या आतल्या कोपऱ्यात, विस्तवाजवळ. बाळाच्या उशाला लोखंडाचा विळा, बाहेरचं काही लागू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ बाळाला तेल-हळद चोळायची. आणि पाचवी होईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, ओढा तर नाहीच नाही. पाचव्या दिवशी पूजा मांडतात, पाचवी येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, सुईणीचा मान होतो आणि मग बाळ माणसांत आलं असं धरतात. तोवर सुईण बाळंतिणीला सोडून कुठंही जात नाही. शेजारच्या पाड्यावरून बोलावणं आलं तरी नाही.

हळद लावलेलं मूल पिवळं दिसणारच. आमच्या घराला खिडकी नव्हती. त्या अंधारात, हळदीखाली, माझा मुलगा पिवळा होत गेला आणि ते कुणालाच दिसलं नाही. मला एवढंच कळत होतं की तो अंगावर ओढत नाही. रडायचा तेही बारीक, आणि मग रडेनासा झाला. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. सासू म्हणाली, पाचवी होऊ दे, मग ने. वाईट बुद्धीनं म्हणाली नाही. तिच्या नजरेत पाचवीच्या आधी बाहेर काढणं म्हणजेच त्याला मारणं होतं. पाचवी झाली, आम्ही निघालो, आणि जव्हारला पोचलो तेव्हा डॉक्टरनं त्याला उजेडात धरून कापसानं त्याच्या कपाळावरची हळद पुसली. खालची कातडी हळदीहून पिवळी होती. संध्याकाळच्या आत तो गेला.

त्या डॉक्टरबाईनं मग माझं रक्त घेतलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं. मला ते आमच्या पाड्यावरच्या कुत्र्यांवरून नीट समजलं. माझ्या रक्तात एक गोष्ट नाही, जी बहुतेकांच्या रक्तात असते. म्हणून ते निगेटिव्ह. नवऱ्याच्या रक्तात ती आहे, मुलांनी ती बापाकडून घेतली. पहिलं मूल होताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. पाड्यावर नवा भांडीवाला पहिल्यांदा आला तर कुत्री काय करतात? नुसती हुंगतात, गुरगुरतात, तोवर तो निघून गेलेला असतो. पण वास त्यांच्या ध्यानात राहतो. दुसऱ्या खेपेला तो ओढ्यापलीकडे असतानाच सगळी धावून जातात. माझ्या रक्तानं माझ्या मुलीचा वास ध्यानात ठेवला आणि माझ्या मुलावर धावून गेलं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांत एक इंजेक्शन मिळालं असतं, तर तो वास राहिलाच नसता. आता माझ्यासाठी त्या इंजेक्शनचा काही उपयोग नव्हता, कारण कुत्री जागी झाली होती.

मी पाड्यावर पोचायच्या आत ‘निगेटिव्ह’ हा शब्द पोचला. त्याचा अर्थ लावायला कुणी डॉक्टरकडे गेलं नाही. भगतानं सुपात तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, हिच्या अंगात विखार आहे, ही आपलीच पोरं खाते. सासूनं मान डोलावली. ती मान डोलावताना मी बघितली, आणि बरीच वर्षं मला तिच्याकडे बघितलं की तेवढीच मान दिसायची. नवऱ्याला सगळे म्हणू लागले, दुसरी आण. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आण की. फक्त तिचं रक्त तपासून आण, नाहीतर पुन्हा माझ्याच नावानं बोंब.” नवरा काही बोलला नाही आणि दुसरीही आणली नाही. त्याचा स्वभावच तसा. तोवर भट्टी सोडून तो एकाची जीप चालवायला लागला होता, आणि घरात आवाज चढला की तो बाहेर जाऊन जीपचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. त्या जीपइतकी निगा तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाडीची झाली नसेल.

पुढचं मूल आणखी धोक्याचं, मोठ्या शहरात नेऊन बाळाला पोटातच रक्त द्यावं लागेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मी ऑपरेशन करून घेतलं. त्यावरही बोलणारे बोलले. माझी एक मुलगी आहे आणि ती भल्याभल्यांना भारी आहे, असं मी सांगते. ते खरंही आहे. पण मला मुलगा हवा होता, तोच मुलगा हवा होता, हेही खरं आहे आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

मग नणंदेचं लग्न झालं, वांगणीच्या बाजूला. पहिल्या खेपेला आमच्याकडे बाळंतपणाला आली तेव्हा आठवा महिना सरत आला होता. मी दुसऱ्याच दिवशी तिला तपासणीला नेलं. रक्त निगेटिव्ह निघालं. तिच्या नवऱ्याचं पॉझिटिव्ह होतं, ते त्यानं ठाण्याला साइटवर कामाला लागताना तपासलं होतं. सातव्या महिन्यात एक इंजेक्शन देतात, ते सासरी राहून गेलं होतं. नर्सनं सांगितलं की बाळंतपण दवाखान्यातच करा, म्हणजे बाळाचं रक्त लगेच तपासून हिला इंजेक्शन देता येईल. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नणंदेचा चेहरा उतरला. माझ्याबद्दल पाड्यावर काय बोलतात ते तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि आता तेच शब्द तिच्या अंगावर येणार होते.

“वहिनी, मीपण खाईन का गं पोरं?” तिनं मला विचारलं.

मला इतका राग आला. तिचा नाही. मी म्हटलं, “मी खाल्लं का?” ती म्हणाली, नाही. “मग तू कशी खाशील?”

ठरवलं होतं जव्हारला न्यायचं. पण बाळं आपलं ठरवलेलं ऐकत नाहीत. नागलीची मळणी चालली होती, मी खळ्यावर होते, नवरा जीप घेऊन गेलेला. कळा सुरू झाल्या आणि मी धावत घरी येईपर्यंत सासूच्या हातात पोरगी होती. काळी-सावळी, धडधाकट, गळा काढून रडणारी. सासूचं तोंड आनंदानं उजळून निघालं होतं. तिनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. एवढी शिकलेली तू, बघ, झालं की नाही नीट, असं त्या भुवईत होतं.

“आता जीप आली की निघायचं,” मी म्हटलं.

“कठं?”

“जव्हारला. इंजेक्शनला.”

“पाचवीच्या आधी?” सासूनं बाळाला सुपात ठेवलं आणि उशाला विळा सरकवला. “पाचवीच्या आधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाय. निम्मा मुलूख माझ्या हातावर जन्मलाय. मना शिकवू नको.”

इथं सगळी गोष्ट अडते, आणि ही अडचण फक्त आमचीच आहे. पाचवी पाचव्या दिवशी, इंजेक्शनला मुदत तीन दिवसांची. पाचवी आधी यायला तयार नाही आणि इंजेक्शन थांबायला तयार नाही. मी नर्सला फोन केला, इकडेच आणून देता येईल का म्हणून. ती म्हणाली, आधी बाळाचं रक्त तपासावं लागतं, आईचंही पुन्हा बघावं लागतं, आणि ते इंजेक्शन आमच्या केंद्रात नाही, जव्हारलाच मिळेल. नणंदेच्या नवऱ्याला ठाण्याला फोन लावला. तो म्हणाला, “पोर बरी आहे ना?” मी म्हटलं, हो. “मग?”

या ‘मग’शी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पोर आजारी असती तर सगळे धावले असते. पण पहिलं मूल चांगलंच होतं, तीच तर यातली फसवणूक आहे. मी ज्याच्यासाठी जीव काढत होते ते मूल अजून पोटातही नव्हतं. ते पुढं कधीतरी येणार होतं, कदाचित येणारही नव्हतं. जे नाही त्याच्यासाठी जे आहे त्याला बाहेर काढायचं, पाचवीला पाठ दाखवून, ओढा ओलांडून. मी सांगत होते ते माझ्या कानांनाही वेडेपणाचंच वाटत होतं. तरी मी सांगत राहिले.

दुसरा दिवस भांडणात गेला. सासू म्हणाली, तुझं झालं ते झालं, माझ्या पोरीच्या कपाळी लावू नको. मी म्हटलं, दवाखान्यात जन्मलेली पोरं दोन-तीन दिवसांतच ओढे ओलांडून घरी येतात, त्यांना काय होत नाही. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. “ती घराकडं येतात. ही घरातून जाईल.” तिच्या हिशोबानं ते बरोबरच होतं. मी म्हटलं, मग पाचवी आजच कर. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी दिवाळी आषाढात करायला सांगितली. शेजारच्या बाया दारात येऊन बसल्या. एक जण म्हणाली, हिला स्वतःला राहिलं नाही, आता दुसरीचं बघवत नाही. मी तिला म्हटलं, “तुझ्या सुनेचं रक्त तपासलंस का? नाही ना? मग इथं बसून काय करतेस, जा.” गेली नाही. नवरा बॉनेटमध्ये होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायचं सोडलं. नणंदेला नागलीची पेज दिली आणि तिच्याजवळ बसले. म्हटलं, “तुझ्यावर मी जबरदस्ती करणार नाही. माझ्या पोराच्या वेळी मला पाचवीपर्यंत थांबवलं आणि मी थांबले. मला माहीत नव्हतं म्हणून थांबले. तुला माहीत आहे. आता तू सांग.” तिनं पेज संपवली. वाडगा खाली ठेवला. तिला भीती वाटत होती, ते मला दिसत होतं. मग ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “पोरीला तू घे. मना नीट चालता नाय येत.”

मी बाळाला उचललं. बाहेर जाऊन बॉनेट धाडकन बंद केलं. नवऱ्याची बोटं थोडक्यात वाचली. “स्टार्टर मार,” मी म्हटलं. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, जी उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभी होती. मग तो गाडीत बसला. इतक्या वर्षांत मला तो इतका आवडला नव्हता.

सासू दारात उभी होती. मला वाटलं आता ती आडवी पडेल, शिव्याशाप देईल, छाती पिटेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती आत गेली, सुपाजवळचा विळा उचलला, अंगावर फडकी घेतली आणि जीपमध्ये लेकीच्या शेजारी येऊन बसली.

“तू कशाला?” मी विचारलं.

“पाचवीपर्यंत सुईण बाळंतिणीला सोडत नाय,” ती म्हणाली. “ती जाईल तठं मी. तू चुकतेस ते चुकतेसच. चल आता.”

ओढा आला तेव्हा तिनं विळ्याचं पातं बाळाच्या अंगावरून फिरवलं आणि काहीतरी पुटपुटली. घाटातल्या प्रत्येक वळणावर पुटपुटली. मी एका बाजूला, ती एका बाजूला, मधे नणंद.

दवाखान्याच्या दारात शिपायानं विळा बघितला. म्हणाला, मावशी, हे आत नाही नेता येणार. सासू म्हणाली, “मग मी नाय जात. मी नाय गेली तर बाळंतीण नाय जात. आनि ती नाय गेली तर ही बया,” माझ्याकडे बोट, “तुना सोडणार नाय.” शिपायानं माझं तोंड बघितलं. शेवटी त्यानंच कुठून तरी वर्तमानपत्र आणलं, विळा त्यात गुंडाळला आणि आम्हाला आत सोडलं.

रक्त तपासायच्या खोलीत मी मुद्दाम उभी राहिले. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचा थेंब घेतात, त्यावर औषधाचा थेंब टाकतात आणि काडीनं ढवळतात. पॉझिटिव्ह असेल तर दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात. निगेटिव्ह असेल तर थेंब तसाच सपाट राहतो. बाळाचा फाटला. नणंदेचा सपाट राहिला. सासू हे सगळं माझ्या खांद्यावरून बघत होती, कारण बाळाला टोचताना ती बाहेर थांबणं शक्यच नव्हतं. तिनं एकदम आपलं बोट पुढं केलं.

“माझं बघ.”

तपासणारी मुलगी म्हणाली, आजी, तुमचं कशाला? सासूनं बोट मागं घेतलं नाही. त्या पोरीनं हसून टोचलं, थेंब घेतला, औषध टाकलं, ढवळलं. आम्ही बघत राहिलो. थेंब सपाट होता.

नणंदेच्या रक्ताची आणखी एक तपासणी झाली, तिची कुत्री अजून जागी झालेली नव्हती. दुपारी तिला इंजेक्शन मिळालं. एवढंसं इंजेक्शन, त्याला किती वेळ लागतो? मी तिचा हात धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्सला वाटलं मलाच सुई बघवत नाही.

परतताना पोशेऱ्याच्या अलीकडे सासू बोलली. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“माझ्या याच्यानंतर तीन झाली,” ती म्हणाली, आणि पुढं गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे हनुवटी केली. “तिन्ही गेली. पिवळी व्हती, मना माहीत व्हतं. माझ्याबी अंगात विखार सांगितलेला भगतानं. कोंबडी घेतली, बकरा घेतला. मग ही झाली नि जगली.” तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. “ही कशी जगली?”

मला उत्तर माहीत होतं, माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरबाईनंच ते सांगितलं होतं. मी म्हटलं, “ती तुझ्यावर गेली, आई. तिचं रक्त तुझ्यासारखंच. तुझ्या रक्ताला ती परकी वाटलीच नाही. ती तिघं बापावर गेली होती.”

“म्हंजे हेच रक्त?”

“हेच रक्त. हेच होतं म्हणून ती वाचली.”

मला वाटलं ती रडेल. ती भडकली. “मग मना कुनी सांगितलं का नाय?” असं ती इतक्या जोरात ओरडली की नवऱ्यानं ब्रेक दाबला. “इतक्या बाया बाळंत केल्या. इतक्यांची पोरं माझ्या हातात पिवळी पडली. मी हळद लावत बसली. मना कुनी का नाय सांगितलं?” गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि ती विचारत होती, मला, मुलाला, घाटाला. मी तिला सांगू शकले असते की मी सांगत होते, आणि तू भगताला मान डोलावलीस. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या मांडीवर ती तीन पोरं निजलेली मला दिसली आणि माझं त्यांच्याशी काही भांडण नव्हतं.

पाचवी ठरल्या दिवशीच झाली. बाया जमल्या. नणंदेच्या सासरहून तिची सासू आणि आमच्याच बाजूला दिलेली नवऱ्याची आत्या अशा दोघी आल्या होत्या. बाळंतिणीला बाहेर नेल्याचं त्यांच्या कानावर आधीच गेलेलं. पूजा झाल्यावर आत्या मोठ्यानं म्हणाली, “विखारी रक्ताच्या बाईनं पाचवीच्या आधी बाळाला हात लावला. आता पुढं काय होईल ते पाचवीच बघेल.” मी तोंड उघडलं होतं, माझ्याकडे तिच्यासाठी बरंच साठलेलं होतं. पण सासू पूजेजवळून उठली. सुईणीच्या मानाचं लुगडं तिच्या हातात होतं.

“तिचं रक्त तेच माझं रक्त,” ती म्हणाली. “दवाखान्यात बघितलंय. तुझ्या भाच्याच्या बायकोचंबी तेच. नि तुझ्या पोरांची नाळ माझ्या हातानं कापलीय, तवा त्यांच्या तोंडाला हात लावलेला तो याच रक्ताचा. जेवायचं आहा का उठायचं आहा?”

आत्या जेवली. चांगली दोनदा भात घेऊन जेवली.

त्यानंतर सासूनं बाळंतपणं करणं सोडलं. आता ती बाळंतिणीला दवाखान्यात घेऊन जाते. पाड्यावर कुणाची सून गरोदर राहिली की ती दारात जाऊन बसते आणि रक्त कुठलं ते विचारते. सांगितलं नाही तर उठत नाही. बाळाला हळद लावू देत नाही. म्हणते, महिना होऊ दे, मग काय लावायचं ते लावा, आधी मना त्याचा रंग बघू दे. पाचवी मात्र ती सोडत नाही, आणि मीही सोडायला सांगत नाही. आमचं भांडण पाचवीशी कधीच नव्हतं.

गेल्या वर्षी नणंदेला दुसरी मुलगी झाली, जव्हारलाच. तीही बापावर गेलेली, रक्त पॉझिटिव्ह. डॉक्टरनं तपासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. कावीळ नाही, काही नाही. अंगावर नीट ओढत होती. नणंदेला पुन्हा ते इंजेक्शन दिलं आणि आम्ही घरी आलो. शेजारची तीच बाई बघायला आली, जी मला दुसरीचं बघवत नाही म्हणाली होती. तिनं बाळाला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, “मागल्या खेपेला उगाच केवढा तमाशा केलात. पोरीला घाटातून नेली, पाचवी मोडली. काय झालं? कायच नाय झालं.”

माझं डोकं फिरलं. तिला कसं दाखवणार मी? जे झालं नाही ते दाखवता येत नाही. मेलेलं पोर सगळ्या पाड्याला दिसतं, न मेलेलं कुणाला दिसत नाही. माझ्या मुलाच्या नावानं मला वर्षानुवर्षं बोल लावणाऱ्या या बाया, या पोरीच्या नावानं मला एक शब्द देणार नव्हत्या. सासू भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं करून बाळ त्या बाईकडून काढून घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली,

“कायच होऊ नये म्हणून तर गेलो व्हतो.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली, आणि आम्ही दोघी त्या बाईसमोरच, तिच्या तीन आणि माझ्या एका, अशा चार मुलांसाठी, मोठमोठ्यानं रडलो.